परत आलेले ठोके

मला सगळे 'रंधा' म्हणतात. सुतार आहे म्हणून नव्हे, जीभ तशी आहे म्हणून. समोरचा जरा वर आला की मी त्याला तासून खाली आणतो, असं बायकोचं म्हणणं. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा नाही. कुणी भुताखेतांचं बोलायला लागला की त्याची टर उडवण्यात मीच पुढे असायचो. आता नाही उडवत. दिवा जरा इकडे सरकवा, सांगतो.

काम तसं साधं होतं. एका घरात स्वयंपाकघराचा लाकडी ओटा कोरडा पडून पांढरट झाला होता, तो घासून त्याला जवसाचं तेल पाजायचं होतं. दोन खिडक्या फुगून चौकटीत अडकल्या होत्या. आणि मागच्या खोलीच्या दाराचं काहीतरी होतं. घरमालकाला अख्खी गल्ली 'मामा' म्हणायची. एकटा माणूस. त्याची भाची होस्टेल सोडून संध्याकाळी कायमची राहायला येणार होती. घराचा अर्धा वाटा त्याच्या एकुलत्या एक बहिणीचा, ती वारली, म्हणून आता तो भाचीचा. हे सांगताना मामाचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं.

ओटा झकास झाला. दोन हात तेल प्यायल्यावर लाकडाच्या रेषा अशा उठल्या की मीच बघत राहिलो. खिडक्याही एका बोटाने सरकायला लागल्या. भर दुपार होती, बाहेर चिटपाखरू नव्हतं. मग अवजारांची पिशवी घेऊन मी मागच्या खोलीत गेलो.

खोलीला खिडकी नव्हती. कोंदट वास, त्यात औषधाचा, आणि त्याच्याही खाली माणसाच्या घामाचा जुना, मुरलेला वास. दाराला आतून कडी नव्हती. जी होती ती बाहेरून. मी दार लोटून घेतलं, आतल्या बाजूवर बॅटरी मारली. दार पोच्यांनी भरलेलं होतं. लाकडावर काही जोरात आपटलं की तेवढा भाग दबून खोलगट होतो, त्याला आम्ही पोचा म्हणतो. हे पोचे मुठीच्या कडेचे होते. बाईच्या मुठीच्या. छातीच्या उंचीला होते ते खोल होते. मग कमरेच्या उंचीला. मग गुडघ्याच्या. सगळ्यात खालचे जमिनीपासून वीतभर, अगदी उथळ. कुणीतरी आधी उभ्याने ठोकलं होतं, मग बसून, मग पडून.

"बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला होता," दाराच्या फटीतून मामा बोलला. तो कधी आला कळलंच नव्हतं. "ठोकत बसायची. भाची याच खोलीत झोपणार, तिला या खुणा दिसायला नकोत. निघतील ना, मिस्त्री?"

"लाकूड तुटलेलं नाही, नुसतं दबलंय. निघतील."

यात जादूबिदू काही नाही. ओल्या फडक्याची घडी पोच्यावर ठेवायची आणि वर तापलेली इस्त्री दाबायची. वाफ आत शिरते, दबलेलं लाकूड फुगतं आणि वर येतं. मामा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसला. मी वरच्या पोच्यावर फडकं ठेवून इस्त्री टेकवली. चर्र झालं, ओल्या लाकडाचा वास सुटला. फडकं उचललं, हात फिरवला. एकदम सपाट. आणि तेवढ्यात त्या सपाट झालेल्या जागेतून आवाज आला...

ठक.

लाकूड तापलं की बोलतं, मी मनाला समजावलं. पण बाहेरून मामा कळवळला, "आई गं!"

दुसरा पोचा उचलला. ठक. बाहेर पेला पडून फुटला. तिसऱ्याला मामाच खांदा धरून दारात आला.

"कोण मारतंय मला?"

"मामा, माझ्या एका हातात इस्त्री, एका हातात फडकं. तिसरा हात असता तर आणखी चार कामं घेतली असती."

त्याने सदरा बाजूला केला. छातीवर आणि खांद्यावर तीन काळेनिळे डाग उमटले होते, मुठीच्या कडेएवढे. मी डागांकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

"हे काम माझ्याने नाही व्हायचं," मी म्हणालो.

"उसण भरली असेल मला," तो खांदा चोळत म्हणाला. "बरं, खुणा राहू द्या. कडी तेवढी बदला. जाड बसवा. बाहेरूनच."

"बाहेरून? इथे तर पोरगी झोपणार ना?"

"आईवरच गेलीय ती. तिलाही तसंच ठेवावं लागेल. जुनी कडी तकलादू होती, बहीण दोनदा बाहेर आली. या वेळी तसं नको."

ओट्याला तेल किती लागलं हे विचारावं, तशा आवाजात बोलला तो मेला! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा एकेक ठोका माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि संध्याकाळी तिची पोर याच खोलीत येणार होती.

"बसा तुम्ही," मी म्हणालो. "काम हातात घेतलंय, तर पुरंच करतो."

आणि इस्त्रीचं बटण पुन्हा चालू केलं.

घाई केली नाही मी. एकेक पोचा नीट भिजवला, नीट शेकला, नीट उचलला. ठक... ठक... बाहेर खुर्ची कोलमडली. मामा आधी शिव्या देत होता, मग देवाचं नाव घ्यायला लागला, मग नुसताच कण्हत राहिला. कमरेच्या उंचीचे संपले, गुडघ्याच्या उंचीचे संपले. मी जमिनीवर पोटावर झोपून खालच्या पोच्यांना हात घातला. त्यांचा आवाज अगदी बारीक होता, दमलेल्या माणसाने बोटं टेकवावीत तेवढाच. त्या हलक्या ठोक्यांनाच तो सगळ्यात जास्त ओरडला. शेवटचा पोचा वर आला तेव्हा माझ्या कानाशी कुणीतरी लांब श्वास सोडला... थंड होता. इस्त्री माझ्या हातात होती, वाफ अजून निघत होती, आणि श्वास थंड होता.

बाहेर आलो तर मामा सरपटत माझ्याकडे येत होता. "कडी आतून लावून द्या, मिस्त्री... मला. ती बाहेर आलीय, मला आत लपू द्या. आत्ताच्या आत्ता." मी बाहेरची कडी उपटली, भोकं लांबीच्या लगद्याने बुजवली आणि आतून नवी कडी ठोकली. तो आत गेला. कडी सरकल्याचा आवाज आला.

भाची आली ती दिवेलागणीला, हातात एक बॅग घेऊन. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तिने दाराला तळवा लावला.

"मला सांगितलं होतं, आई दवाखान्यात वारली," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "असू देत मामा आत. जेवण दाराशी ठेवत जाईन."

काही दिवसांनी तिचा फोन आला. दाराला बाहेरच्या बाजूने पोचे पडले होते. मी जाऊन बघितलं. जमिनीपासून वीतभर, उथळ, बाईच्या मुठीचे.

"तू ठोकतेस का गं?"

"मी कशाला ठोकू, काका? मामाच आतून ओरडत असतात, कोण आहे, कोण आहे म्हणून."

पुढच्या खेपेला खुणा गुडघ्यापर्यंत चढल्या होत्या. त्यानंतर कमरेपर्यंत, आणि चांगल्या खोल. पोरगी मात्र टवटवीत दिसत होती. इतकी शांत झोप मला कधीच लागली नव्हती, म्हणाली.

आज तुमच्याकडे निघालो, तेवढ्यात पुन्हा तिचा फोन.

"काका, बाहेरचे ठोके थांबलेत. सकाळी शेवटचा पडला, छातीच्या उंचीला."

"मग मामा आले बाहेर?"

"नाही." तिचा आवाज खाली गेला. "आत कुणीतरी 'दादा, दादा' अशी हाक मारतंय... आणि मामा रडतायत. मला म्हणतात, कडी सरकत नाही, उघड पोरी, बाहेर काढ मला."

"मग?"

"कडी तर त्यांच्या बाजूला आहे, काका. मी काय उघडू?"

मागे दारावर आतून ठोके पडत होते. मी फोन कानाशी दाबून ऐकलं. ठोका दारावर किती उंचीला पडतोय, इतक्या वर्षांत एवढं तरी मला आवाजावरून कळतं. अजून तो उभ्याने ठोकतोय.