तीन वाजताचं बटन

पऱ्या, तू फक्त ऐक. मधात बोलू नको, अन् हसू तं अजिबात नको.

हे कोनाकडून ऐकलेलं नाही. आमच्या भोजराजदादासंगं झालेलं आहे. माह्या सख्ख्या काकाचा पोरगा. खोटं वाटलं तं सिहोऱ्याले चल अन् त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट पाह्य. सुताची खून आहे तिथं, गोल. जात नाही.

अन् रात्रबित्र नव्हती. भर दुपारचे तीन.

जानेवारी महिना, हेच एकोननव्वदचं साल. तुमसरचा एक बिडी कारखाना. नाव नाही सांगत.

सेठनं तिथं कम्प्युटर आनला होता. काचेची खोली, आत थंडी, चप्पल बाहेर. दादा नागपूरले सहा महिने शिकून आलेला, म्हनून त्याले बसवलं. बिडीवाल्या बाया काचेले नाक लावून पाहत. म्हनत, टीव्ही तं घेतला, पन यात गाने काहून नाही लागत?

काम सोपं होतं. पडद्यावर दोन खाने. डावीकडे चालू, उजवीकडे बंद. हरेक बाईची एक फाईल.

डावीकडे नाव असलं तं तिचं कामगार कार्ड चाले. कार्ड चाललं तं काम मिळे, अन् कामगारांच्या दवाखान्यात फुकट औषध. रोज संध्याकाळी डावीकडची यादी छापून तिकडं जाये.

फाईल इकडची तिकडं न्यायची तं नावावर यायचं, वरच्या लायनीतलं एफ सिक्स दाबायचं, मंग एंटर.

खट... खट.

बस. गेली बाई.

पहिले हेच काम गोपीचंद मुनीम रजिस्टरात दोन दिवस करत बसे.

आता रुखमाबाईचं ऐक. आमच्याच गावची, सिहोऱ्याची. दादा लहान होता तं तिच्या ओट्यावर तेंदूपत्त्याच्या कातरनीत खेळे. तिले टीबी झाला होता. औषध चालू होतं. डॉक्टरनं सांगितलं, अजून दोन महिने घे, मंग तू मोकळी.

त्यात कारखान्यात कोनी साहेब आला पाहनीले. कोनाची काही तक्रार आहे का, म्हने. सगळ्या बाया खाली मान घालून.

रुखमाबाई उभी राहिली. म्हने, छाट लय काढतात. म्हंजे बाया बिड्या मोजून देतात नं, त्यातल्या चांगल्या बिड्याही कारखान्यावाले खराब म्हनून बाजूले टाकतात, त्याचे पैसे देत नाहीत, अन् मंग त्याच बंडलात भरतात.

साहेब गेला. दुसऱ्या दिवशी मुनीम दादाच्या खुर्चीमागं येऊन उभा.

"रुखमा. उजवीकडं."

दादा म्हने, तिचं औषध चालू आहे जी.

"औषध तू देतं का तिले? बटन दाब."

दादानं दाबलं.

तिसऱ्या दिवशी रुखमाबाई काचेजवळ आली. दुपारचे तीन. मुनीम जेवाले घरी गेलेला. खोलीत दादा एकटा.

"बापू, दवाखान्यावाला म्हन्ते यादीत नाव नाही."

"मुनीमजीले विचार, माय."

"थो म्हन्ते मशीननं काढलं. मशीन तं तुह्या हातात हाय. इकडं घे नं मले."

दोन बटनं होती रे, पऱ्या. दोन. कोनी पाहत नव्हतं.

पन दादाची नोकरी नवी. मुनीमचं भेव. अन् त्याच्या तोंडातून निघून गेलं...

"मशीनमधून एकडाव गेलं का वापस येत नाही, माय."

ती रडली नाही. काचेतून त्या बटनांकडं पाहत राहिली.

मंग म्हने, "कोनत्या बटनानं गेली मी?"

दादानं, कायले कोन जाने, एफ सिक्सवर बोट ठेवून दाखवलं.

तिनं डावीकडून बोटानं मोजलं.

"सहावं. ध्यानात ठेवीन."

औषध बंद, काम बंद. दोन महिन्यांत मेली ती. तिच्या तेरवीले सगळं गाव जेवलं. दादा नाही गेला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, तीन वाजता...

दादा प्रिंटरमधी कागद लावून राहिला होता. पाठ कम्प्युटरकडं. खोलीत तंबाखूचा वास आला. ओल्या पत्त्याचा अन् तंबाखूचा. त्या खोलीत बिडी नेतच नव्हते कोनी.

अन् मांगून...

खट.

थोडं थांबून... खट.

दादा फिरला. खुर्ची रिकामी. दार बंद.

पडद्यावर उजवीकडे एक नाव वाढलं होतं. कारखान्याच्या मानसांच्याही फायली होत्या नं त्यात. गोपीचंद मुनीमचं नाव होतं थे.

अन् एफ सिक्सच्या बटनाले सूत गुंडाळलेलं. काळं सूत, बिडी बांधाचं. दोन वेढे अन् आत खोचलेलं टोक. बाया बांधतात तस्संच.

दादाले वाटलं, कोनी मजाक केली. सूत काढून फेकलं. मुनीमची फाईल वापस डावीकडे घेनार, तेवढ्यात लाईन गेली. संध्याकाळवरी आलीच नाही. दादा म्हने, जाऊ दे, उद्या करू.

सकाळी मुनीम गेला होता.

धडधाकट मानूस, पऱ्या. त्याची बायको, मंगलाबाई, सांगे का रातभर खोकलला. ज्याले जनमात खोकला नाही, तो उशी तोंडात कोंबून खोकलला.

त्या दिवशी तीन वाजता पुन्हा वास आला. दादा पडद्यासमोरच बसून होता. हात मांडीवर. अन् त्याच्या डोळ्यासमोर बटन खाली गेलं...

एकटंच.

खट... खट.

उजवीकडे भोजराज.

दादाच्या गळ्यात काहीतरी बसलं. खोकला असा सुरू झाला का श्वास घ्याले जागा नाही. कसंबसं बोट पोहोचलं. एफ सिक्स, एंटर. नाव डावीकडे आलं अन् खोकला थांबला. कोनी गळ्यावरचा हात काढावा तसा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

इतवारीही. दादा सेठले म्हने, इतवारीही मशीन पाहा लागते. सेठ खुश. सगळ्याइले सांगे, पोरगा असावा तं असा. कोंढ्याची पोरगी पाहाले जायचं होतं, दादानं तेही मोडलं. कोंढ्याहून तीनपर्यंत वापस कसा येईन तो? मोठी माय, म्हंजे दादाची आई, म्हने, याले सरकारी नोकरीवाली पोरगी पाह्यजे वाटते. कोनाले काय माहीत.

शेवटी एक दिवस दादानं ठरवलं. तीनच्या आधी रुखमाबाईची फाईल शोधली. उजवीकडून डावीकडे घेतली. आली. एका झटक्यात आली. हात जोडले त्यानं पडद्याले.

तीन वाजले.

काहीच नाही...

मंग काचेच्या बाहेरून कोनीतरी खोकललं.

दादानं पाह्यलं नाही तिकडं. पडद्याकडंच पाहत राहिला. रुखमाबाईची फाईल आपली आपली उजवीकडे सरकली. अन् तिच्या खाली त्याची.

एफ सिक्स दाबलं. नाही आली. पुन्हा दाबलं. नाही. दहा वेळा, वीस वेळा. खुर्चीवरून खाली पडला, तोंड निळं. फरशीवरून काचेकडं पाहून त्यानं कसेबसे शब्द काढले...

"खोटं बोललो, माय. वापस येते. येत होतं."

वर टेबलावर... खट. खट.

श्वास आला.

उठून पाह्यलं तं त्याचं नाव डावीकडे. अन् मधल्या बोटाले काळं सूत. दोन वेढे, आत खोचलेलं टोक. कैचीनं कापलं तरी खून राह्यली.

तेव्हापासून बटन दादाले दाबा लागत नाही. पन रोज तीन वाजता काचेसमोर उभं राहून तेवढं बोला लागते. मोठ्यानं. मंग ती त्याचं नाव डावीकडे घेते, सोडते. एक दिवस. फक्त एक दिवस.

आता पाह्य, आज शनिवार आहे.

सेठनं नवा कम्प्युटर घेतला. जुना सोमवारी सकाळी नागपूरले जाते. नवा यायले आठ दिवस आहेत. आठ दिवस तिथं मशीनच नाही. तीन वाजता दादाले वापस कोनत्या बटनानं घेईन ती? अन् घेईन का?

काल माह्याजवळ बसून तो सगळं सांगत होता. सांगताना बोटावरची खून चोळत होता. मले म्हने, सेठले काय सांगू?

रातभर झोप नाही लागली, पऱ्या. सोमवारचा इचार येते. अन् त्याहून जास्त त्या दुपारचा.

खरं सांग. नोकरी नवी. मुनीम जेवाले गेलेला. काचेमागं रुखमाबाई, अन् बटन तुह्या बोटाखाली.

तू काय केलं असतं?