फाटक्या कपड्यांचा दिवस

“काय रे, बूट पेरतोयस? उगवतील म्हणतोस?”

कुंपणात बूट लपवायला वाकलेला ओंचारी दचकलाच. पाऊस नुकता थांबला होता, चहाच्या मळ्यावरून वाफा निघत होत्या, आणि समोर एक अनोळखी मुलगी हसत उभी – इस्त्रीचा निळा झगा, पायांत चकचकीत बूट.

“हळू बोल ना बाई! आज शिष्यवृत्तीची निवड. पंचांपुढे गरीब दिसावं लागतं.” मग त्यानं तिला न्याहाळलं... जरा जास्तच वेळ. “आणि तू? लग्नाला निघालीस की काय?”

“का? नवरदेव व्हायचंय?”

बिचाऱ्याचे कान तापले. त्या मुलीला, केरुबोला, गंमत वाटली.

चीफच्या, म्हणजे इथल्या सरकारी कारभाऱ्याच्या, कचेरीपुढे दरवर्षी हाच तमाशा! निवडीच्या दिवशी अख्खी टेकडी अनवाणी. खात्यापित्या घरची पोरंसुद्धा शेजाऱ्यांचे फाटके स्वेटर मागून आणायची. यंदा विद्यापीठासाठी जागा एकच होती. केरुबोला नैरोबीत जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. सोमवारपर्यंत फी भरली नाही, तर तो गेलाच. आई दुसऱ्यांच्या मळ्यात चहा खुडायची. पण झग्याला कोळशाची इस्त्री तिनंच फिरवली होती.

“माझा स्वेटर घे,” ओंचारी कुजबुजला. “कोपरं गेलीत... मस्त केविलवाणी दिसशील.”

“मोडेन, पण केविलवाणी दिसणार नाही. तूच घाल, तुला शोभतो.”

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. दार उघडंच होतं, बाहेर सगळ्यांना ऐकू येत होतं.

“पोरी, तू काही गरीब दिसत नाहीस,” चीफ म्हणाले.

“गरिबी घरी आहे, चीफसाहेब. या, दाखवते. इथे मी गुण घेऊन आलेय.” तिनं कागद पुढे ठेवला. “आपल्याकडे गाय अडली की डॉक्टर यायला दोन दिवस लागतात. मी शिकले तर लागणार नाहीत.”

पुढचा नंबर ओंचारीचा. पण हा पठ्ठ्या आधी कुंपणाकडे पळाला, आणि बूट घालून आत गेला!

“हे माझेच आहेत. भावानं पाठवलेत. लपवले होते... चुकलं माझं.”

“मग फीसुद्धा भावालाच माग!” पंच खो-खो हसले.

दुपारी चीफ व्हरांड्यात आले. “केरुबो!” बायकांनी आनंदानं जल्लोष केला. मळ्यातून धावत आलेल्या आईनं तर चहाची टोपली टाकून तिला उचललंच. आईच्या मिठीतून सुटून केरुबो तडक ओंचारीपुढे उभी राहिली.

“अक्कल गहाण टाकलीस का? खरं बोलायला कुणी सांगितलं होतं?”

“तू ताठ मानेनं गेलीस. तुझ्यामागून मी वाकून कसा जाणार?” तो हसला, पण डोळे भरले होते. “पुढच्या वर्षी पुन्हा येईन. तोवर सगळ्यांना सांगत फिरेन – नैरोबीत शिकते ना, ती केरुबो...”

“कोण लागते म्हणून सांगशील?”

“ते... तू म्हणशील तसं.”

केरुबोला अभिमानानं भरून आलं – स्वतःच्या, आणि त्याहून जास्त या वेड्याच्या.

“मग सांग, ओंचारीची केरुबो!” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आवडलास तू मला. अगदी खरं सांगते.”

व्हरांड्यातली सगळी फाटकी पोरं शिट्ट्या मारू लागली. लाजून मान खाली घालणं काही केरुबोला जमलं नाही.