डब्यावर धरलेला ताल

इस्रायलमधल्या रोश हाआयिन गावी मावसबहिणीच्या मेंदीत मी ऑलिव्ह तेलाचा रिकामा डबा वाजवत होते. दारात एक अनोळखी तरुण खिळून उभा... खांद्याला ऊद, ते पोटफुगं तंतुवाद्य.

"वाट चुकलात?" मी विचारलं.

"चुकलो होतो. आता नाही."

आगाऊच होता. पण डोळे असे हसरे, की माझा एक ठोका चुकला आणि मावशीने ते बरोबर टिपलं.

नेरिया त्याचं नाव. दिमोना गावचा, मोरोक्कोहून आलेल्या घरातला. त्याने मला आपल्या बँडमध्ये घेतलं. आम्ही येमेनचे ज्यू, यरुशलेमचं प्राचीन मंदिर पडल्याच्या शोकात आमच्या पूर्वजांनी वाद्यं सोडली, पण ताल काही सुटेना, म्हणून हा डबा. याफो शहरातल्या एका तळघरात वर्षभर सराव केला. तो माझ्या चहात पुदिना कोंबायचा, मी नाक मुरडून सगळा प्यायचे.

मग यरुशलेमच्या महोत्सवाचं बोलावणं आलं. आयोजकांना सगळं हवं होतं, फक्त डबा नको होता. आणि नेरियाने माझ्यापुढे नवीकोरी नक्षीदार दरबुका ठेवली, पेल्याच्या आकाराची ढोलकी.

"एकाच संध्याकाळपुरती, शोहाम. पुढे जगभर दौरे..."

"डबा नाही, तर मी नाही."

"फार हट्टी आहेस."

"आज कळलं?"

डबा काखोटीला मारून मी निघाले. बसमध्ये रडले, खोटं कशाला सांगू? आयोजकांचं मला काहीच वाटलं नव्हतं. पण त्यालाही माझ्या डब्याची लाज वाटावी...

महोत्सवाच्या दिवशी दुपारी तो दारात हजर.

"दरबुका परत केली. मी वाजवणार नाही, असं कळवलंय."

"मग?"

"माझ्या जागी दुसरा घेतला त्यांनी." तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलो मी."

मी डबा उचलला. "चल."

"कुठे?"

"यरुशलेमला. सभागृह त्यांचं आहे, रस्ता नाही."

सभागृहासमोरच्या फुटपाथवर आम्ही बसलो. सुरुवातीला कुणी ढुंकून पाहीना. मग एक आजी थांबल्या, मग त्यांची लेक, मग हातात तिकिटं असलेली चार माणसं. पहारेकरी उठवायला आला, तर आजींनीच त्याला गप्प बसवलं.

"शोहाम..." नेरिया वाजवता वाजवता माझ्याकडे झुकला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"ताल सोडू नकोस."

"पण उत्तर?"

"माझंही आहे," मी म्हणाले. "आता वाजव, लोक उभे आहेत."