यादीच्या खालची कोरी जागा

साहेब, बाभळवस्ती तुम्ही यादीतून उडवली. नजरचूक झाली म्हणू नका. नाव दोनदा तुमच्यापुढं आलं आणि दोन्ही वेळा तुम्ही लाल पेन फिरवला.

दुष्काळाचं साल होतं. लातुरात नळाला पाणी येऊन महिना उलटलेला, लातूर-नांदेडची गावं तोडून नवा जिल्हा करायच्या गप्पांना मात्र पूर आलेला. तारामती तुमच्या कचेरीसाठी टँकर मागवायचं मोबाईल ॲप करत होती. तिच्या कामाची एक रीत होती. आधी ॲपचे पडदे कागदावर पेन्सिलीनं काढायचे. एकेका माणसाला वेगळं बोलवायचं, काही शिकवायचं नाही. बोट जिथं जाईल तिथं ठिपका द्यायचा. बटण तिथंच हवं.

लोह्याच्या पलीकडं बाभळवस्तीत ती भर दुपारी पोचली. चाळीस घरं. विहिरीच्या तळाला भेगा. आठवडाभरात टँकर आला नाही तर वस्ती उठणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विहाराच्या सावलीत तिनं कागद मांडला. वर कचेरीनं दिलेली बारा गावांची नावं, खाली कोरी जागा. बाभळवस्ती त्या बारांत नव्हती.

"आजी, हा मोबाईल समजा. टँकर पायजे तर कुठं दाबाल?"

सरजाबाईंचं बोट नावांवरून घसरत खाली आलं आणि कोऱ्या जागेवर टेकलं.

"तिथं काही नाही, आजी."

"हाय की. आमच्या वस्तीचं नाव हाय."

"वाचता येतं तुम्हाला?"

"न्हाई माय. पर आपलं नाव वळखू येतंय की!"

तारामतीनं ठिपका दिला. मग गुणाबाई आली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. बोट तिथंच. मग केरबा. तिथंच. एकोणीस माणसं आली, ठिपका एकच. कागद त्या जागी मऊ पडला. तिनं हात लावून पाहिला. ओला होता.

केरबा खिदळला. "मॅडम, कागदातून पाणी निघायलंय! गाडीभर रद्दीच धाडा, टँकर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

दुसरं कुणी हसलं नाही. सगळ्यांची बोटं कोरडी होती, भेगाळलेली.

नांदेडला तुमच्या कचेरीत तिनं तेरावं नाव लिहून कागद पुढं केला.

"मॅडम, एका वस्तीसाठी यादी बदलायची का? ते लोक नव्या जिल्ह्यात जातील, तो जिल्हा बघंल," तुम्ही म्हणालात. लाल पेन दुसऱ्यांदा फिरला. तारामतीनं कागद घडी करून पिशवीत टाकला. हेही सांगितलंच पाहिजे. तिनं यादीखालची जागा कोरी ठेवली.

अकरा दिवसांनी ॲप तयार झालं. तुम्ही फोन हातात घेतला. अंगठा बारा नावांवरून घसरत खाली आला आणि कोऱ्या जागेवर टेकला.

पडद्यावर आलं : मागणी नोंदवली.

"कुठल्या गावाची हो?" तुम्ही विचारलंत.

तारामतीनं पडदा निरखला. तिथं बटण नव्हतं. तिनं ते केलंच नव्हतं.

काच ओली झाली होती. तुम्ही रुमालानं पुसली.

दुसऱ्या दिवशी ती बाभळवस्तीला गेली.

चाळीस कुलपं.

शेजारच्या गावात विचारलं. वस्ती उठताना कुणी पाहिली नव्हती.

प्रत्येक दारावर, कडीच्या खाली, बोटाच्या टोकाएवढा ओला डाग होता.

साहेब, तो रुमाल तुमच्या शिपायानं, मलप्पानं, खिडकीच्या गजावर वाळत टाकला. मे महिना आहे. पत्रा तापून वाजतोय. तरी रुमाल वाळेना, आज सतरावा दिवस. मलप्पा आता रोज सकाळी त्याच्याखाली बादली ठेवतो.

पाणी कुठून येतंय ते राहू द्या. माणसं कुठं आहेत? सांगा.