दोनशे छप्पन्न

फोन खरं तर विरुपाक्ष सरांसाठी होता. पण सर बाहेर गेले होते, म्हणून सिद्धेश्वरीनं उचलला.

“मॅडम, मी आदिनाथ. मोडनिंबला यंत्र बसवलंय, पण तुमच्या नकाशावर दिसंना की.”

सोलापुरातल्या होटगी रस्त्यावरचं एका खोलीचं ते ऑफिस. गावोगाव पाऊस मोजणारी यंत्रं बसवायचं काम तिथून चाले. आदिनाथ रोज एक यंत्र बसवायचा आणि त्याचा नेटवर्कवरचा पत्ता पाठवायचा. सिद्धेश्वरीचा पायथनमधला छोटा प्रोग्राम तो पत्ता तपासून नकाशावर चढवायचा.

तिनं यादी पाहिली. “तुम्ही पत्त्याच्या शेवटी दोनशे पासष्ट लिहिलंय. दोनशे पंचावन्नच्या पुढचा आकडा चालतच नाही.”

“बरं, चुकलो. पण मग तुमच्या प्रोग्रामनं मला पास कसं केलं?”

ती गोरीमोरी झाली. तपासणीसाठी तिनं लिहिलेला नमुना फक्त एवढंच बघत होता – चार आकडे, मधे टिंबं, प्रत्येक आकड्यात तीनपर्यंत अंक. नऊशे नव्व्याण्णवसुद्धा त्यातून सुखानं गेला असता.

“...माझी पण चूकच,” ती म्हणाली.

“मग फिट्टंफाट!” तो हसला.

दुपारभर बसून तिनं नमुना नव्यानं लिहिला. आता दोनशे पंचावन्नपुढचं काहीही अडलं असतं.

आणि अडायला लागलं. दोन-तीन दिवसांनी करकंबचा पत्ता आला, शेवटी दोनशे छप्पन्न. तिनं फोन केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोनशे छप्पन्न. पुन्हा फोन.

“अहो, एकच चूक किती वेळा करता?”

“उन्हानं डोकं चालंना बगा. तुमी जेवलात का?”

असं तिला कुणी विचारत नव्हतं. अक्कलकोटहून ती नोकरीसाठी आली त्याला वर्ष झालं होतं. आईचा फोन यायचा, तोही रविवारी. रोज एक वाजता ती डबा उघडायची, पंख्याखाली अर्धी भाकरी खायची आणि बंद करायची. बोलायला कुणी नसलं की भूकही लवकर संपते... हे तिला इथं येऊन कळलं.

मग एक दिवस विरुपाक्ष सर म्हणाले, “चुकीचा पत्ता आला की मेसेज आपोआप जाऊ दे. फोनमध्ये वेळ कशाला घालवायचा?”

तिनं मान डोलावली. चार ओळींचं काम होतं.

त्या दिवसापासून आदिनाथचे सगळे पत्ते बरोबर यायला लागले. एकही अडेना. फोन वाजेना. नकाशावर हिरवे ठिपके वाढत गेले आणि पाऊस सगळीकडे शून्य. आपण होऊन फोन करावा – पण काय म्हणून करायचा? सगळं बरोबर आहे, हे सांगायला कुणी फोन करतं का?

तिसऱ्या आठवड्यात एकच यंत्र उरलं, वेळापूरचं. त्यानंतर आदिनाथ दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होता. पत्ते क्रमानं येत. या पत्त्याच्या शेवटी एक्केचाळीस असणार, हे तिला माहीत होतं. सकाळी तिनं नमुना उघडला. बराच वेळ बोटं कळफलकावर नुसतीच ठेवून बसली... आणि मग तेवढा एक पत्ता नमुन्यातून वगळला.

बारा वाजता फोन वाजला.

“मॅडम, पत्ता चुकीचा म्हणून मेसेज आलाय. तीनदा तपासला. बरोबर हाय की!”

“हो. बरोबर आहे.”

“मग?”

“मीच अडवलाय.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “तुम्ही चुका करायचं बंद केलंत ना...”

पलीकडे वाऱ्याचा आवाज. मग तो म्हणाला, “चुका नव्हत्या त्या. पयली सोडली, तर सगळ्या मुद्दाम केल्या. तुमचा आवाज यायचा म्हणून. आता मशीनचा मेसेज येतो. त्याच्यासाठी कशाला चुकू?”

तिनं नमुना उघडला आणि वगळलेला पत्ता परत घातला.

“उद्या सोलापूरला येऊ?” त्यानं विचारलं. “पण सरांना काय सांगू?”

“सांगा, एक आकडा तपासायचाय... समोर बसून.”

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यात दोन भाकरी जास्त घेतल्या, शेंगाचटणीही. एक वाजला. तिनं डबा उघडला नाही. दीड वाजला. नाहीच आला तर? सगळं आपल्याच मनाचं असलं तर?

मग जिन्यावर बुटांचा आवाज आला – आणि मधेच थांबला.

बहुतेक तोही धीर गोळा करत असावा. सिद्धेश्वरी उठली आणि तिनं दार उघडलं.