नरडाण्याची फ्लॉपी

"एस. चौधरी सर कुठे भेटतील?" त्यानं दारातूनच विचारलं.

"सर नाहीत. मीच चौधरी. सुनंदा."

बिचारा असा काही ओशाळला... मला हसू आवरेना! हा लीलाधर. नरडाण्याच्या एका कंपनीत प्रोग्रामर.

अठ्ठ्याण्णव साल होतं. मेहरूणला माझी मैत्रीण कुसुमलता हिच्या माडीवर आम्ही पाचसहा जण दर रविवारी संगणकावर मराठी लिहायचा प्रोग्राम बनवायचो. फुकट, कुणीही वापरावा, कुणीही बदलावा. गावोगावचे मास्तरसुद्धा त्यात आपली भर लिहून पाठवायचे. ती तपासायचं काम माझं.

लीलाधरनं छपाईचा भाग आणला होता. जोडाक्षरं काय सुरेख उमटली! पण सोबत त्याच्या साहेबांचं पत्र होतं. पहिल्या पडद्यावर कंपनीचं नाव हवं, आणि हा भाग फक्त कंपनीच बदलणार.

पुढच्या रविवारी मी फ्लॉपी परत केली. "हे चालायचं नाही."

"अहो, सहा महिने राबलोय मी!"

"म्हणून तर वाईट वाटतंय. पण मास्तरांना जो नियम, तोच तुमच्या साहेबांना. नाव सगळ्यांसोबत यादीत. आणि या चौदा चुका."

त्यानं कपाळाला हात लावला. "बठ्ठ्या मन्याच शेतस?"

"बठ्ठ्या! सगळ्या तुमच्याच."

तो हसला, मग फ्लॉपी खिशात घातली. "नाही घेतलंत तर साहेब हे काम बंद करतील. मग मला इथं यायला काही निमित्तच..."

हो म्हणून टाकावंसं वाटलं, खरंच. स्वतःचाच राग आला.

"नाही," मी म्हटलं.

तीन रविवार तो आला नाही. मी जिन्याकडे बघत बसायची आणि विनाकारण कुसुमलतावर डाफरायची.

चौथ्या रविवारी तो आला. नवी फ्लॉपी, नवं पत्र... अटी गायब!

"साहेबांना तुमची चुकांची यादी दाखवली," तो म्हणाला. "म्हटलं, कुलूप लावलं तर या चुका आपल्याला कोण शोधून देणार? बरेच दिवस विचार केला त्यांनी. आता तपासा."

मी फ्लॉपी घेतली आणि कुसुमलताच्या हातात दिली. "हे तू बघ."

"का गं? तुझं काम ना?"

"आपल्यात स्वतःच्या घरच्या माणसाचं काम कुणी तपासत नाही. माझ्या दादाचं तूच तपासलंस ना?"

"अगं, पण हे कुठे तुझ्या घरचे—"

"अजून नाहीत," मी म्हटलं, आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.