जुन्या टी-शर्टांचं झबलं

पाळणा सजला, बायका जमल्या, आणि "आत्या कुठाय?" असं कुणीतरी विचारलं, तशी कुंती स्वयंपाकघराच्या दाराआड आणखीच सरकली. सख्खी आत्या तीच. पण विधवेनं पाळण्याजवळ जायचं नाही, हे काय तिला शिकवायला हवं होतं? आईबापामागं आधी उसात राबून, मग कारखान्यात शिवणयंत्रावर मान मोडून जिनं धाकट्या भावाला, जयदेवला शिकवलं, ती त्याच्या लग्नात अक्षता टाकायला निघाली, तर अनुसयामावशीनं हात धरून तिला मागं ओढलं होतं... आणि जयदेव गप्प राहिला होता. ते गप्प राहणंच तिच्या जिव्हारी लागलं. ती चंबूगबाळं उचलून परक्या देशी, सुरिनामला निघून गेली. कारखान्यातून मिळालेले, धुऊन धुऊन विटलेले तिचे टी-शर्ट तेवढे मागं राहिले. त्यांची कधीच फडकी झाली असतील, असं ती धरून चालली होती.

आज मॉरिशसला, रोझ हिलच्या घरी ती परत आली, ती बाळाला फक्त लांबून बघायला.

भावजय, इंद्राणी, बाळाला घेऊन बाहेर आली, आणि कुंती दाराआडून पुढं झाली! बाळाच्या अंगातलं झबलं फिकट निळं होतं, खांद्यावर जावेलच्या ब्लीचनं उडालेल्या रंगाचा पांढरा डाग होता. टोपरं तिच्या पिवळ्या टी-शर्टाचं, आणि दुपटं तर सगळ्याच टी-शर्टांचे तुकडे जोडून केलेलं... ती डोळे फाडून बघतच राहिली. आपल्या घामानं भिजलेल्या त्या चिंध्यांचं असं देवाघरचं रूप व्हावं? पण पुढच्याच क्षणी ती भ्याली. बाळाचं पहिलं झबलं मोठ्या माणसाच्या जुन्या कपड्याचं शिवायचं, म्हणजे त्या माणसाचं सगळं बाळाला लागतं, असं घरात मानत.

"काढ ते, इंद्राणी," ती कशीबशी बोलली. "माझं नशीब लेकराला नको लागायला."

मावशीनंही कपाळाला हात लावला. घरात नवे कपडे नव्हते का, म्हणून इंद्राणीला बोल लावला. इंद्राणीनं मान वर केली नाही, पण झबलंही काढलं नाही.

"वन्सं, तुमचंच लागावं म्हणून शिवलंय. तुमची माया, तुमचा जीव..."

जयदेव पुढं आला. त्याचे डोळे भरले होते.

"बाय, त्या दिवशी माझी जीभ झडली होती. आज सांगतो, माझ्या लेकीला नाव तूच ठेवायचं. नाहीतर ती बिननावाची राहील."

त्यानं तिला पाळण्याजवळ बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. कुंती बाळाच्या कानाशी वाकली. तिनं टोपरं जरा बाजूला सारलं, आणि नाव सांगून झालं.

नाव सांगितलं की बायकांनी हसत आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. पण विधवेच्या पाठीला हात कोण लावणार? सगळ्या जागच्या जागी उभ्या होत्या. कुंती तशीच वाकून राहिली. तिला उठवेना.

तोच तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला. तिनं वळून बघितलं, तर मागं अनुसयामावशी उभी होती, पदरानं डोळे पुशीत. मग बाकीच्या बायकांना कोण आवरणार?